घाबरलेला यजमान

कादंबरी लिहावी की लिहू नये, याबद्दल दोन मतं असू शकतात. पण लिहिलीच, तर ती पुन्हा उघडता येईल अशा ठिकाणी ठेवावी, याबद्दल कुणाचं दुमत नसावं. मी मात्र ती अशा ठिकाणी ठेवली होती, की छापखान्याच्या मालकांनी आपण होऊन फोन केला आणि "पाठवून द्या, छापू" म्हणाले, तेव्हा ती माझ्याकडे असून नसल्यासारखी होती.

मालक माझी कादंबरी छापायला का तयार झाले ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचकांना उगाच वाटायचं की ती चांगली असेल. मी त्यांच्या छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या वेलांट्या सरळ करता करता माझी पाठ वाकडी झाली. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी भाषण लांबवण्यासाठी "आता यांनी स्वतःचं काहीतरी लिहावं" असं म्हटलं, आणि मला कुणाचा शब्द मोडता येत नसल्यामुळे मी घरी येऊन लिहायला बसलो. मालकही त्या समारंभात होते. बहुधा त्यांना वाटलं असावं की याला आपणच कामाला लावलं, आता निस्तरायला हवं.

माझा नायक दीपगृहाचा रखवालदार आहे. मी दीपगृह पाहिलेलं नाही. पण राहायला ती जागा मला आदर्श वाटते. चहूकडे पाणी असतं आणि शेजारी नसतात.

ही कादंबरी मी माझ्या जुन्या संगणकावर, छापखान्यातूनच मिळालेल्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये लिहिली. कागदावर एकदाही काढली नाही. छापलं की चुका दिसतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आमच्या हिलासुद्धा कधी वाचायला दिली नाही. ती मधूनमधून विचारायची, "कुठवर आलं?" मी म्हणायचो, "होतंय." असं ते बरीच वर्षं होत होतं. पुढे पुढे तिने विचारणं सोडलं, आणि ते मला विचारण्यापेक्षाही जड जाऊ लागलं.

मालकांचा फोन आला त्याच आठवड्यात जुन्या संगणकाने आतून ठसका लागल्यासारखा आवाज केला आणि मान टाकली. मालक म्हणाले होते, "महिनाअखेरीला मशीन मोकळं आहे. तोवर फाइल आली तर तुमचं पुस्तक, नाही आली तर बागकामाचं एक तयार आहे, ते लावतो. मग पुढच्या वर्षभराचं काही सांगता येत नाही." मालकांचं आणि माझं वय पाहता वर्षभराचं काही कुणी सांगूच नये.

तेव्हा नवा संगणक आला. दुकानदाराने त्यात फुकट मिळणारी एक प्रणाली घालून दिली आणि जुन्या यंत्रातलं होतं नव्हतं ते सगळं नव्यात ओतलं. मी मोठ्या आशेने कादंबरी उघडली. पहिल्याच ओळीत एक कंस, तीन उद्गारचिन्हं, उलटं प्रश्नचिन्ह आणि मग नुसते चौकोन. जुन्या प्रोग्रॅमची अक्षरं नव्या यंत्राला वाचता येत नव्हती आणि जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रात पाऊल ठेवायला तयार नव्हता. खरं सांगायचं तर चौकोनांची ती पानं बघताना क्षणभर मला बरंच वाटलं. निदान शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती.

ही म्हणाली, "जावईबापूंना विचारा."

जावईबापू एका मोठ्या कंपनीत संगणकाचंच काहीतरी करतात. काय करतात ते त्यांनी मला अनेकदा समजावून सांगितलं आहे आणि मी दर वेळी मान डोलावली आहे. त्यामुळे आता विचारायची सोय राहिलेली नाही. फोनवर ते म्हणाले, "सोपं आहे बाबा. तुमच्या नव्या कॉम्प्युटरच्या आत आपण एक जुना कॉम्प्युटर उभा करू. व्हर्च्युअल मशीन. त्यात जुनी सिस्टिम, जुना प्रोग्रॅम आणि तुमची फाइल."

"मावेल का आत?"

"बाबा, तो खरा नसतो. बाहेरच्याला म्हणायचं यजमान आणि आतल्याला पाहुणा. यजमान आपली जागा, आपली शक्ती थोडी पाहुण्याला देतो. पाहुण्याला वाटतं, सगळं घर आपलंच."

"हे मला समजलं," मी म्हणालो. संगणकाबद्दलचं एखादं वाक्य पहिल्या झटक्यात समजण्याची ही माझी पहिलीच वेळ. एकदोन उदाहरणंही तोंडावर आली होती. पण हिच्या माहेरची मंडळी फार चांगली आहेत आणि ही शेजारीच उभी होती.

मग जावईबापू त्यांच्या घरातून माझ्या संगणकात शिरले. पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. घरात सगळं आपल्यासमोर पण आपल्याला न विचारता चाललेलं बघण्याची मला सवय आहे, त्यामुळे मी हात मांडीवर ठेवून शांत बसलो. निम्मं काम झालं आणि त्यांना ऑफिसचा फोन आला. "बाकीचं सुट्टीच्या दिवशी करू बाबा. तोवर हात लावू नका."

मी हात लावला नाही. भाच्याने लावला.

भाचाही संगणकातलाच. मागे एकदा घरच्या जेवणात त्याचा आणि जावईबापूंचा कुठली प्रणाली चांगली यावरून वाद झाला. आवाज कुणीच चढवला नाही, तेच वाईट. चढवला असता तर संपला असता. तेव्हापासून जावईबापू त्याला 'तुमचा तो भाचा' म्हणतात आणि भाचा त्यांना 'तुमचे ते जावई' म्हणतो. दोघंही माझेच, वाटणी मात्र अशी झाली आहे.

"मामा, मामी म्हणाली कादंबरी अडकलीय," भाच्याचा फोन आला. "मला सांगायचं नाही?"

"तू कामात असतोस रे."

"तुमच्यासाठी कसलं काम? दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीत ना?"

या ठिकाणी एखाद्या सरळ माणसाने सरळ सांगितलं असतं. मी विचार केला, हो म्हणावं तर भाचा म्हणणार, आधी त्यांना विचारलंत. आणि भाच्याला नको म्हणावं तर तोच दुखावणार. याने हात लावल्याचं जावईबापूंना कळलं तर ते दुखावणार. कुणालाच न दुखावणारा एकच शब्द मला सुचला. "छे," मी म्हणालो.

भाचाही आत शिरला आणि त्यानेही एक पाहुणाच उभा केला. फक्त वेगळ्या घराण्यातला, म्हणजे वेगळ्या सॉफ्टवेअरने उभारलेला. "ते दुसरं एक असतं ना मामा, सगळे वापरतात ते, ते एकदम भिकार." त्याच खोलीत, त्याच पडद्यामागे ते भिकार निम्मं बसवलेलं होतं. "असं का," मी म्हणालो. जुना प्रोग्रॅम त्याला कुठल्याशा मित्राकडून आणायचा होता. तोवर त्याने एक सोय केली. "तुम्ही सुरू करायला विसराल. मी असं करून ठेवतो की कॉम्प्युटर लावला की हा मागच्या मागे आपोआप उठेल. पडद्यावर दिसणारही नाही. तुम्हाला काहीच करायचं नाही."

मला काहीच करायचं नाही, हे ऐकून मी निर्धास्त झालो. शिवाय खरे नसलेले दोन पाहुणे एकमेकांना काय त्रास देणार?

सुट्टीच्या दिवशी जावईबापूंनी आपलं उरलेलं काम संपवलं. "आता बटण तुम्ही दाबा बाबा. मान तुमचा." मी चष्मा पुसला, बटण दाबलं. पडदा काळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी मुंग्यांच्या रांगेसारख्या वर चढत गेल्या, पंखा घोंगावला आणि सगळं जागच्या जागी थिजलं.

"बाबा, तुमचं नेट गेलं बहुतेक."

"नेट नाही, सगळंच गेलं."

"शेवटची ओळ वाचा बरं."

मी वाचली, स्वल्पविरामांसकट. जावईबापूंनी ती लिहून घेतली. मग म्हणाले, "कर्नल पॅनिक. प्रणालीचा जो गाभा असतो ना बाबा, तो घाबरला की सगळं सोडून जागीच थांबतो. आणखी काही बिघडू नये म्हणून."

"घाबरला की थांबतो?"

"हो."

मला त्या यंत्राबद्दल एकदम आपुलकी वाटली. मी आयुष्यभर दुसरं काय केलं? फरक एवढाच की काळ्यावर पांढऱ्याने तसं लिहून दाखवायचं धाडस मला झालं नाही.

यंत्र बंद करून पुन्हा लावलं की ते शहाण्यासारखं चाले. जावईबापूंचा पाहुणा उठवला की पुन्हा काळोख. ही गोष्ट घरातच राहिली असती; पण मी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना भेटलो आणि त्यांनी "काय, बरंय ना?" असं विचारलं. खोटं बोलण्याचा माझा त्या आठवड्याचा कोटा संपला होता.

हे शेजारी वीजखात्यातून निवृत्त झाले आहेत आणि जगातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ त्यांना अर्थिंगमध्ये सापडतं. ते टेस्टर घेऊन आले, भिंतीला कान लावल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "वाटलंच होतं. या भिंतीतला करंट गढूळ आहे. टेबल खिडकीपाशी न्या."

खिडकीपाशी हिचं शिवणयंत्र होतं. ते आतल्या खोलीत गेलं. आतल्या खोलीत ते फक्त कपाटाच्या दारासमोर मावत होतं. कपाटात माझे कपडे होते. त्यामुळे त्यानंतरचे सगळे दिवस मी दोरीवर वाळत असलेल्या दोन सदऱ्यांवर काढले, एक ओला आणि एक अंगात. खिडकीपाशीही संगणक पडलाच. शेजारी म्हणाले, "मग अर्थिंगच नवं टाकायला हवं. जिन्याशेजारी खड्डा घ्या. कमिटीची परवानगी मी बघतो."

त्यांनी खरोखरच बघितली. इमारतीचे सेक्रेटरी आले, चप्पल दाराबाहेर काढून आत बसले आणि म्हणाले, "खड्डा दुरुस्तीत धरायचा की बांधकामात? दुरुस्तीत धरला तर माझी सही पुरते. बांधकामात धरला तर सभा बोलवावी लागते."

"दुरुस्तीतच धरा ना," मी म्हणालो.

"तसं करता आलं असतं. पण खड्डा आधी तिथे नव्हता. नसलेल्याची दुरुस्ती कशी करणार?"

मुद्रितशोधक म्हणून मला हा मुद्दा आवडलासुद्धा. फळ्यावर नोटीस लागली: सभेपुढील विषय, तळमजल्यावरील सभासदांच्या ग्रंथासाठी खड्डा. सभेला गणसंख्या झाली नाही आणि खड्डाही झाला नाही; पण नोटीस सगळ्यांनी वाचली. आजवर मला जिन्यात फक्त मान हलवून जाणारी माणसं थांबून विचारू लागली, "ग्रंथ निघाला का बाहेर?" कुणी म्हणे, फार मोठा असणार, मशीनला झेपत नाही. समोरच्या डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, "अहो, विचारांचा भार असतो." मी छे छे करत होतो, पण मनातून ऐकत होतो. न उघडलेल्या पुस्तकाला जेवढी प्रतिष्ठा मिळते तेवढी उघडलेल्याला मिळाल्याचं मी तरी छापखान्यात पाहिलेलं नाही. आणि लाज वाटते सांगायला, पण बटण दाबताना 'लागू दे' असं ओठांवर असलं, तरी पडदा काळा झाला की छातीतून एक सुस्कारा निघे. तो दुःखाचा नसे. उघडलीच नाही तर ती वाईट आहे हे कुणाला कसं कळणार?

दरम्यान दोन्ही वैद्यांची औषधं चालू होती, एकमेकांना न सांगता. जावईबापूंना संशय होता की प्रणालीचा गाभाच नवा आहे, कच्चा आहे. त्यांनी आधीचा जुना आणून बसवला. दुसऱ्या दिवशी भाचा आत शिरला. मी त्याला एवढंच सांगितलं होतं की यंत्र मधूनच बंद पडतं. काय दाबल्यावर बंद पडतं, ते सांगितलं नव्हतं. "मामा, हा जुना कर्नल कुठून आला?"

"आला असेल."

"असा कसा येईल?"

"अपडेट झालं असेल," मी म्हणालो. हल्ली या एका शब्दावर काहीही ढकलता येतं, हे मी तोवर शिकलो होतो. भाच्याने नवा गाभा परत घातला, आपला पाहुणा चालवून पाहिला, तो मजेत चालला. "माझं तर मस्त चाललंय. तुमचं मशीनच खराब असणार. बदलून घ्या." आणि दोनच दिवसांनी जावईबापू: "बाबा, परत नवा कर्नल?" "अपडेट," मी म्हणालो. बिचाऱ्या यंत्राचा गाभा रोज काढून रोज बसवला जात होता. तो घाबरला नसता तरच नवल.

मशीन बदलायचं म्हणून मी ते कापडात गुंडाळून रिक्षातून सेवाकेंद्रात नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "काय त्रास आहे?"

"घाबरतं," मी म्हणालो.

त्यांनी वर बघितलं. "आमच्यासमोर बंद पडून दाखवावं लागेल."

मशीन दिवसभर त्यांच्याकडे राहिलं. त्यांनी ते आपल्या पद्धतीने चालवलं, त्यावर गाणी लावली, कसल्या कसल्या चाचण्या केल्या. ते एकदाही पडलं नाही. दुखणारा दात दवाखान्याच्या पायरीवर थांबावा तसंच. संध्याकाळी बाई म्हणाल्या, "मशीन ठणठणीत आहे. तुम्ही नेमकं काय करता त्याच्यावर?"

मी चाचरत सांगितलं की त्याच्या आत आणखी एक संगणक आहे, पण तो खरा नाही. बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. पाणी सांडणे, उंचावरून पडणे, आत झुरळ शिरणे, एवढं सगळं त्यात होतं. "संगणकात संगणक शिरणे याच्यात नाही," त्या म्हणाल्या. "नाही म्हणजे वॉरंटीत बसत नाही. आणि काका, या वयात जरा साधं वापरा ना. बातम्या बघा."

मी यंत्र पुन्हा कापडात गुंडाळलं. रिक्षात ते मांडीवर घेऊन बसलो होतो तेव्हा मालकांचा फोन आला. "काय, येतंय का? बागकामवाले रोज येऊन बसतात हो. मी आता त्यांना किती दिवस बाहेर बसवू?" मी म्हटलं, प्रयत्न चालू आहेत. ते म्हणाले, "अहो, मी वाचायला टपून बसलोय. तुम्ही आमच्या सगळ्या लेखकांना आयुष्यभर छळलंत, तुमचं कसं आहे ते बघू दे तरी." फोन ठेवल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. त्याला मात्र कमिटीची परवानगी लागली नाही.

घरी आल्यावर जावईबापूंचं फर्मान होतं, "बाबा, आता पडलं की पूर्ण पडद्याचा फोटो काढून पाठवा. फक्त शेवटची ओळ नको. वरचं सगळं हवं."

माझ्या फोनने फोटो धूसर येतात, म्हणून मी हिचा फोन घेतला. यंत्र लावलं, बटण दाबलं, ते इमानदारीने पडलं, मी फोटो काढला. आणि तो पाठवण्यापूर्वी, सवयीप्रमाणे, एकदा तपासला.

इथे माझा घात झाला. त्या पांढऱ्या ओळींमधलं मला काही कळत नव्हतं; पण न कळणारा मजकूर अक्षर न् अक्षर वाचायचा हाच तर माझा धंदा. मधोमध एका ओळीत नावांची रांग होती, आणि त्या रांगेत दोन नावं ओळखीची निघाली. एक जावईबापूंच्या पाहुण्याच्या घराण्याचं. दुसरं भाच्याच्या. शेजारीशेजारी, फक्त एक मोकळी जागा सोडून.

माझ्या मनात पहिला आणि एकमेव विचार आला तो असा: जावईबापूंना हे दिसलं तर त्यांना काय वाटेल!

मी ती ओळ कापली. हजारो पुस्तकं माझ्या हाताखालून गेली. लेखकाचा एक शब्द मी कधी विचारल्याशिवाय गाळला नाही. आणि यंत्राने मरता मरता दिलेला जबाब मी मधोमध कापला, वरचा तुकडा वेगळा, खालचा वेगळा, असे दोन फोटो करून पाठवून दिले. जावईबापूंनी रात्रभर त्यात डोकं घातलं म्हणे. सकाळी म्हणाले, "काही तरी निसटतंय, बाबा."

दुपारी ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात तिचा फोन होता.

"अहो, हा फोटो एक आहे आणि पाठवलेत दोन. मधली ओळ कुठे गेली?"

"जागा वाचवायला..."

"फोटोत कसली जागा वाचवता?" तिने चष्मा नाकावर घेतला. "त्या ओळीत काय आहे?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं; तिच्यासमोर मला 'अपडेट' म्हणता येत नाही. ती खुर्चीत बसली. रागावेल असं वाटलं होतं. पण तिने नुसता चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"म्हणजे जावयांना वाईट वाटू नये, भाच्याला वाईट वाटू नये, म्हणून तुमचं पुस्तक गेलं तरी चालेल?"

"तसं नाही गं."

"मग कसं? एवढी वर्षं तुम्ही त्या कोपऱ्यात पाठ करून बसलात. मी कधी म्हटलं का, दाखवा म्हणून? म्हटलं, होईल तेव्हा दाखवतील. आता झालं, तर तुम्हीच कात्री लावत बसलात." ती थांबली. "एका म्यानात दोन तलवारी घातल्यात आणि म्यान फाटलं म्हणून अर्थिंग खणायला निघालात."

आणि तिने तो अख्खा फोटो दोघांनाही पाठवला.

दोन्ही फोन एकदमच वाजले, तिचा आणि माझा. तिने दोन्ही उचलले, दोन्हींचा आवाज मोठा केला आणि टेबलावर समोरासमोर, एकमेकांकडे तोंड करून ठेवले, जेवायला बसवावेत तसे.

"बाबा, हे दुसरं कुणी टाकलं?"

"मामा, हे भिकार तुमच्याकडे कसं?"

दोघांनी एकमेकांचा आवाज ओळखला.

"नमस्कार," जावईबापू म्हणाले.

"नमस्कार," भाचा म्हणाला. "मामा, हे आपोआप उठणारं माझं. आणि त्याच्यावर तुम्ही यांचं सुरू करत होतात?"

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"अरे देवा," दोन्ही फोन एकदम म्हणाले. कित्येक वर्षांनी त्यांचं एकमत झालेलं मी ऐकलं.

मग त्यांनी मला समजावलं. एक थांबला की दुसरा. चिपमध्ये पाहुणे ठेवायची सोय एकच असते. ती एका घराण्याने धरली की सुटेपर्यंत दुसऱ्याने मागायची नाही. भाच्याचा पाहुणा सकाळी उठल्याबरोबर ती धरून बसायचा, काही काम नसताना. वर जावईबापूंचा जाऊन तीच हिसकायचा. दोघांच्या ओढाताणीत खाली उभा असलेला यजमान घाबरायचा. कुणी वाईट नव्हतं. फक्त दोघं एकाच घरात आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मग यातलं एक काढायचं," जावईबापू म्हणाले.

"बरोबर. तुमचं," भाचा म्हणाला.

"माझं तयार आहे. तुमच्यात अजून प्रोग्रॅमसुद्धा नाही."

"तयार म्हणजे काय, तुमचं मुळातच..."

"हे बघा, तो मुद्दा आपण मागे जेवताना..."

"जेवणाचं तुम्ही काढू नका."

आवाज कुणीच चढवत नव्हतं. मी हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. पुस्तक तुमचं आहे."

मला स्पष्ट आठवतं, खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. मी घसा साफ केला, कधी नव्हे ते दोघांच्या वाक्यांच्या मध्ये बोललो. "भाच्या, तुझं काढतो. तुझं रिकामं आहे आणि यांच्यात माझी फाइल आहे." पुढे 'राग मानू नकोस, तुझंच जास्त चांगलं आहे, पण' वगैरे तयार होतं; ते मी तिथेच गाळलं. लेखकाला न विचारता.

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"ठीक आहे ना मामा," भाचा म्हणाला. "आधीच सांगायचं. त्यात काय एवढं? थांबा, मीच काढून देतो. आणि... ते तुमच्या पाहुण्याला थोडी मेमरी वाढवून द्या हो. उपाशी ठेवलाय."

"द्यायलाच हवी," जावईबापू म्हणाले. "जरा बघता का तुम्हीच?"

एवढंच. एवढ्यासाठी मी यंत्राचा गाभा रोज बदलू दिला, शिवणयंत्र हलवलं, इमारतीत सभा लावली. त्या दोघांना वाईट वाटेल म्हणून मी जे जपत होतो ते त्यांच्याकडे नव्हतंच. ते सगळं माझ्याकडे होतं.

बटण दाबलं. पडदा काळा झाला, आणि माझ्या छातीतला तो ओळखीचा सुस्कारा निघणार तेवढ्यात त्या काळ्यातून जुना निळा पडदा वर आला. आत जुना प्रोग्रॅम. आत माझी फाइल. आत अक्षरं, वेलांट्यांसकट. फोनवरचे दोघंही "वा!" म्हणाले आणि आपापल्या कामाला गेले. मी तसाच उभा. आता माझ्या आणि कादंबरीच्या मध्ये कुणीही बिघडलेलं नव्हतं.

"वाचू?" हिने विचारलं.

मी म्हणालो, "आधी मी एकदा तपासतो."

"नको," ती म्हणाली आणि माझ्या खुर्चीत बसली.

मी स्वयंपाकघरात गेलो. धुतलेले पेले पुन्हा धुतले. कान बाहेर होते. पहिल्या प्रकरणात मी एक विनोद केला आहे. तिथे ती हसायला हवी होती. हसली नाही. नंतर हसली, तेव्हा ती कुठे असेल याचा मी हिशेब केला. त्या प्रकरणात विनोद नाही. मग बराच वेळ नुसती कळीची टिकटिक, पानं पुढे सरकवल्याची. मला वाटलं, आता येईल आणि म्हणेल, छान आहे. त्या आवाजात, ज्या आवाजात आपण दुसऱ्यांच्या मुलांच्या गाण्याला छान म्हणतो.

"अहो," तिने हाक मारली.

मी हात पुसत दारात गेलो.

"पहिलं पान काढून टाका."

"वाईट आहे?"

"पानभर माफी मागितलीय तुम्ही. अजून कुणी वाचलंसुद्धा नाही, आणि माफी कसली मागता?"

"बरं. आणि पुढचं?"

ती पडद्याकडेच बघत होती. "थांबा ना जरा. तो त्या जहाजाला हाका मारतोय."

मी थांबलो. उभ्या उभ्या मला तिची मान दिसत होती, पुढे झुकलेली. छापखान्यात इतकी वर्षं मी पानं वाचली. कुणी वाचतंय हे मागून उभं राहून बघायची वेळ कधी आली नव्हती. माझा फोन वाजला. मालकांचाच होता.

"छापखान्यातून असेल तर सांगा," ती मान न वळवता म्हणाली, "मशीन अजून बिघडलेलंच आहे म्हणून."

"अगं, पण आता तर..."

"महिना संपायला अवकाश आहे. माझं पुरं होईपर्यंत कुणाला काही द्यायचं नाही."

मी फोन उचलला. मालक म्हणाले, "काय, सुटलं का?"

"नाही," मी म्हणालो, "अजून अडकलंय."

"अहो, आता कुठे अडकलं?"

ही पुढच्या पानावर गेली होती. स्वयंपाकघरातून मी विचारलेल्या चहाला हो की नाही हेही तिने सांगितलं नव्हतं.

"घरातच," मी म्हणालो.